ऐकणाऱ्याचा वाटा

घरात कुणी फोनवर बोलत असलं की पलीकडे कोण आहे ते मला सहसा पहिल्या दोन वाक्यांतच कळतं. नाव कानावर पडलेलं नसतं, विषयही कळलेला नसतो. आवाज किंचित वर चढला, 'हो' च्या जागी 'हो हो' आलं, विनोद पुरा व्हायच्या आत हसू फुटलं, की समजावं साहेब आहेत. वाक्यं अर्धवट सुटायला लागली आणि मधूनच एखादी शाळेतली शिवी डोकावली, की बालमित्र. आणि आवाज खाली येऊन शब्द एकेक करत, जपून बाहेर पडू लागले, की पलीकडे कुणीतरी आजारी आहे. खुर्ची तीच, माणूस तोच. तरी दर फोनला समोर बसलेला माणूस थोडा वेगळा असतो.

यातला खरा कोणता, असा प्रश्न मनात येतोच. आणि त्याला तयार उत्तरही असतं: बाकीचे सगळे मुखवटे, खरा आत कुठेतरी. विसाव्या शतकाच्या मध्यावर एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने रोजच्या वागण्याकडे नाटकासारखं पाहायला शिकवलं. रंगमंच, पडदा, पडद्यामागची जागा, प्रेक्षक. त्याला स्वतःला सगळ्या भूमिकांच्या मागे एक तयार चेहरा अपेक्षित होता असं नाही, पण त्याची ती कल्पना लोकांनी तशीच उचलली. माझी अडचण इथेच सुरू होते. मुखवटा म्हटला की त्यामागे एक चेहरा मानावा लागतो, कुणाशीही न बोलता घडलेला. असा चेहरा मला निदान स्वतःत तरी सापडलेला नाही. मी एकटी असते तेव्हाही कुणाशी तरी बोलतच असते. संध्याकाळी कुणाला काय सांगायचं ते जुळवत असते, सकाळच्या वादात सुचलं नव्हतं ते उत्तर आता देत असते, वारलेल्या माणसाला काहीतरी पटवत असते. मनातल्या या बोलण्यालाही ऐकणारा लागतो.

बोलण्यातून माणूस व्यक्त होतो, हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यात ऐकणाऱ्याचं काही काम असतं हे लक्षातच येत नाही. जणू आधी आत एक 'मी' तयार होतो आणि मग तो शब्दांत बाहेर येतो, समोरच्याने फक्त घ्यायचा. मला हे उलटं वाटतं. आपण कोण आहोत हे ठरण्यात आपल्याशी कोण कसं बोलतं आणि आपलं बोलणं कोण कसं ऐकतं, याचा वाटा आपल्या स्वतःच्या बोलण्याहून मोठा असतो.

सुरुवात जन्मापासूनच करू. २००९ साली कॅथलीन वेर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ नवजात बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. तीस बाळं फ्रेंच बोलणाऱ्या घरांतली, तीस जर्मन. वय जेमतेम काही दिवस. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर शेवटाकडे चढत जाणारा निघाला, जर्मन बाळांचा सुरुवातीला चढून मग उतरणारा; त्या त्या भाषेतल्या बोलण्याच्या सुरांशी मिळताजुळता. बाळाने पोटात असतानाच ऐकायला सुरुवात केलेली असते, आणि पहिलं रडणंसुद्धा कोऱ्या गळ्यातून येत नाही.

पुढच्या काही महिन्यांत आणखी एक गोष्ट घडते, ती मराठी वाचकाला जरा जास्त गमतीची वाटेल. 'त' आणि 'ट' मधला फरक आपल्याला इतका उघड वाटतो की तो ऐकू न येणारं माणूस कसं असेल याची कल्पना करवत नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंदीतली हीच जोडी वापरली होती. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना कळेनासा झाला होता. त्यांच्या कानात काही बिघाड झाला नव्हता. आजूबाजूला कुणीच तो फरक करत नसल्यामुळे त्याकडे लक्ष देण्याचं कारण उरलं नव्हतं. म्हणजे एखाद्या समाजाचं होणं हे काही गोष्टी शिकण्याइतकंच काही गोष्टी ऐकायचं सोडून देण्याने घडतं, आणि हे सोडणं पहिला वाढदिवस यायच्या आत बरंचसं उरकलेलं असतं.

तसंच नावाचं. साडेचार महिन्यांच्या आसपास बाळं आपलं नाव त्याच ठेक्याच्या दुसऱ्या नावांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतात, असं १९९५ च्या एका प्रयोगात दिसलं. हे नाव म्हणजे मी, एवढं त्यांना तेव्हा कळत असेल असा दावा त्यात नाही. तो ध्वनी ओळखीचा झालेला असतो इतकंच. आरशातलं रूप आपलंच आहे हे मुलांना कळतं ते साधारण दीड वर्षाच्या सुमारास. आपला चेहरा ओळखू येण्याच्या वर्षभर आधी आपली हाक ओळखीची झालेली असते, आणि ती हाक कायम दुसऱ्याच्याच तोंडून आलेली असते.

मग गोष्टी सुरू होतात. मी लहानपणी शांत होते, असं मला सांगतात. भावंडांत एक बडबडी होती आणि एक शांत होती, आणि शांत ती मी. पाहुणे आले की ही वाटणी त्यांना ऐकवली जायची, आणि ऐकवून झाल्यावर दोघी आपापल्या वाट्याला आलेलं नीट वठवायचो. नातेवाइकांत मी आजही कमी बोलते. मैत्रिणींना हे सांगितलं तर त्या हसतात, कारण त्यांच्यात मला थांबवावं लागतं. माझा मूळ स्वभाव कोणता, हे शोधायचा नाद मी आता सोडला आहे. एका मंडळींनी शांत मुलगी ऐकली, दुसऱ्यांनी बडबडी, आणि दोन्हीकडे मी ऐकणाऱ्यांना सामील झाले.

लहानपणीच्या ज्या आठवणी आपल्याला अगदी डोळ्यांसमोर दिसतात त्यातल्या कितीतरी मुळात ऐकीव असतात. मी पायरीवरून पडले तो प्रसंग मला स्पष्ट आठवतो, पण त्या आठवणीत मी मला बाहेरून पडताना दिसते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या पडण्यात हे शक्य नाही. रॉबिन फिव्हुश आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी आईवडील लहान मुलांशी झालेल्या गोष्टींबद्दल कसं बोलतात याचा बराच अभ्यास केला आहे. काही पालक 'मग काय झालं? तुला काय वाटलं? नंतर कोण आलं?' असं विचारत प्रसंग फुलवत नेतात, काही जण एकाच उत्तरासाठी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. पहिल्या प्रकारच्या घरांतली मुलं पुढे आपल्या आयुष्याबद्दल जास्त तपशिलाने आणि सलग सांगू शकतात. स्वतःची गोष्ट सांगता येणं ही उपजत देणगी नव्हे. कुणीतरी आधी ती विचारावी लागते.

याच फिव्हुश आणि मार्शल ड्यूक यांनी एमरी विद्यापीठात वीस प्रश्नांची एक यादी केली होती: आजी-आजोबा कुठे वाढले ते माहीत आहे का, आईवडील एकमेकांना कसे भेटले, घरावर कोणतं मोठं संकट आलं होतं. या प्रश्नांची उत्तरं ठाऊक असलेल्या मुलांत आत्मविश्वास जास्त दिसला. ही यादी पुढे पालकांमध्ये औषधाच्या चिठ्ठीसारखी फिरली, आणि मला खात्री आहे की कुठेतरी एखादा बाप मुलाकडून ती वीस उत्तरं पाठ करून घेत असेल. ड्यूकनेच बजावलं होतं की उत्तरं माहीत असण्याने काही होत नाही. ज्या घरात मुलाला ही उत्तरं आपसूक कळतात त्या घरात लोक एकत्र बसून बोलतात, आणि परिणाम त्या बसण्याचा असावा.

ऐकणाऱ्याचं काम किती प्रत्यक्ष असतं ते दाखवणारा माझा आवडता प्रयोग कॅनडातल्या जॅनेट बाव्हेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे, २००० साली प्रसिद्ध झालेला. एकाने दुसऱ्याला आपण थोडक्यात कसे वाचलो असा प्रसंग सांगायचा. काही जोड्यांत ऐकणाऱ्याला गुपचूप एक काम दिलेलं होतं: सांगणारा इंग्रजी 'टी'ने सुरू होणारे शब्द किती वापरतो ते मोजत राहा. हे ऐकणारे समोरच बसले होते, कानही टवकारलेले होते, सांगणाऱ्याचा शब्दन् शब्द टिपत होते. फक्त गोष्ट ऐकत नव्हते. त्यामुळे नेमक्या जागी चेहरा कसनुसा होणं, 'अगं बाई!' निघणं, श्वास रोखला जाणं थांबलं. आणि सांगणाऱ्यांच्या गोष्टी बिघडल्या. विशेषतः शेवट. कुणी शेवट गुंडाळला, कुणी तोच पुन्हा पुन्हा सांगितला, कुणी आपण वाचलो ते खरंच थोडक्यात वाचलो हे पटवत बसला.

हे वाचल्यापासून मोबाइलकडे बघत 'हं, सांग, ऐकतेय मी' म्हणणारं माणूस पाहिलं की मला ते 'टी' मोजणारे आठवतात. समोरच्याला नुसतं वाईट वाटतं इतकाच हा मामला नाही. त्याच्या हातून त्याचीच गोष्ट निसटते. असं वारंवार झालं की तो ती सांगायचं सोडून देतो, आणि न सांगितलेली गोष्ट काही काळाने स्वतःलाही धड आठवत नाही.

एका माणसाचं जे होतं तेच समाजाचं होतं का? यासाठी मला एक बेट महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळचं मार्थाज व्हिनयार्ड. १९६१ साली विल्यम लबॉव्ह नावाचा तरुण भाषाभ्यासक तिथे गेला. बेटावर कायम राहणारी माणसं सहा हजारांच्या आत, आणि उन्हाळ्यात येणारे पाहुणे चाळीस हजारांवर. मासेमारीचा जुना धंदा खचत चाललेला, जमिनी आणि घरं बाहेरच्या श्रीमंतांच्या हाती जात असलेली. लबॉव्हच्या लक्षात आलं की काही बेटकर 'राइट', 'हाउस' अशा शब्दांतल्या जोडस्वरांचा उच्चार जुन्या पद्धतीने करतात, आणि ही पद्धत विरत जाण्याऐवजी वाढते आहे. सर्वांत जास्त कुणात? म्हाताऱ्यांत नाही. तिशी ते पंचेचाळिशीतल्या लोकांत, त्यातही चिलमार्क भागातल्या मासेमारांत. ज्यांना बेट सोडून जायचं होतं त्यांच्यात ती जवळपास नव्हती. एका आईने तर आपल्या मुलाबद्दल सांगितलं की तो पूर्वी असं बोलत नसे. कॉलेजहून परत आल्यापासून बोलायला लागला, धक्क्यावरच्या माणसांसारखं व्हायचं असावं त्याला.

कुणी ठरवून केलेलं नव्हतं. विचारलं असतं तर बहुतेकांना आपण असा काही उच्चार करतो हेही सांगता आलं नसतं. पण पाहुण्यांच्या गर्दीत 'मी इथला' हे रोज, दर वाक्यात, कानाला जाणवेल न जाणवेल अशा बेताने सांगितलं जात होतं. सांगितलं जात होतं कुणाला? पाहुण्यांना तर तो बारकावा कळणारच नव्हता. ते एकमेकांना सांगत होते. संस्कृतीची ओळख परक्यासमोर मिरवण्यासाठी असते असं आपण मानतो, कारण सणासमारंभात, घोषणांत, पोशाखांत ती तशी दिसते. तिचा मोठा भाग मात्र आपसात, परक्याला ऐकूही जाणार नाही अशा पातळीवर चालतो असं मला वाटतं.

त्याच बेटावर, त्याच चिलमार्कमध्ये, लबॉव्ह पोचायच्या नऊ वर्षं आधी एक दुसरी गोष्ट संपली होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे वस्तीला आलेल्या घराण्यांत आनुवंशिक बहिरेपण होतं, आणि बेटावरची लग्नं बेटावरच होत राहिल्याने ते पसरत गेलं. एकोणिसाव्या शतकात बेटावर दर १५५ माणसांत एक जन्मतः बहिरं होतं. चिलमार्कमध्ये पंचविसांत एक. नोरा एलेन ग्रोस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी वृद्ध बेटकरांशी बोलून हा इतिहास १९८५ साली लिहून काढला. चिलमार्कमध्ये बहिऱ्यांसाठी काही खास सोय नव्हती. फक्त सगळ्यांना खुणांची भाषा येत होती. ऐकू येणारे मासेमार एका होडीतून दुसऱ्या होडीशी खुणांनी बोलत. आसपास एकही बहिरा नसतानाही लोक खुणा करत.

त्यातली एक हकीकत मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. ग्रोस बाईंनी एका वृद्धेला दोन जुन्या बेटकरांची आठवण विचारली. उत्तर आलं, हो तर, दोघेही चांगले मासेमार होते, फारच चांगले. ते दोघेही बहिरे होते ना, असं विचारल्यावर बाई थोड्या थांबल्या. हो, आता तुम्ही म्हणता तर, होते खरे. त्या विसरल्या होत्या. बहिरेपण नाहीसं झालेलं नव्हतं; कानांना ऐकू येत नव्हतंच. पण आसपासचे सगळे त्यांचं ऐकू शकत होते, म्हणून 'बहिरा' ही त्या माणसांची ओळख बनली नाही. ते मासेमार राहिले, शेजारी राहिले, कुणाचे तरी काका राहिले. पुढे मुलं मुख्य भूमीवरच्या बहिऱ्यांच्या शाळेत जाऊ लागली, लग्नं बेटाबाहेर होऊ लागली, आणि १९५२ मध्ये त्या परंपरेतली शेवटची बहिरी बाई वारली.

'तुम्ही कोण' याचं उत्तर तुमच्या शरीरात किती आणि तुमच्या शेजाऱ्यांच्या हातांत किती, याचा इतका स्वच्छ हिशेब मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

हातांनी बोलणाऱ्या समाजांत नावाची जी रीत आहे तीही इथे सांगायला हवी. बहिऱ्या माणसाला एक खुणेचं नाव असतं, आणि ते सहसा स्वतःचं स्वतः ठेवायचं नसतं. समाजातल्या दुसऱ्या कुणी बहिऱ्या व्यक्तीने, ओळख झाल्यावर, द्यायचं असतं. गालावरच्या खळीवरून, सवयीवरून, एखाद्या फजितीवरून. नाव मिळालं म्हणजे तुम्हाला कुणीतरी नीट पाहिलं.

याच्या नेमकं उलट टोक पाहायचं तर १८७९ साल. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियात कार्लाइल इथे मूळ रहिवासी जमातींच्या मुलांसाठी निवासी शाळा निघाली. संस्थापक एक लष्करी अधिकारी, रिचर्ड हेन्री प्रॅट. पहिल्या तुकडीत लकोटा जमातीचा एक मुलगा होता, ओटा क्टे. एके दिवशी वर्गातल्या फळ्यावर पुष्कळशा खुणा लिहिल्या गेल्या. दुभाष्याने सांगितलं की यातली प्रत्येक खूण म्हणजे गोऱ्या माणसाचं एक नाव आहे, एकेकाने यायचं आणि आपलं नाव निवडायचं. मुलांना वाचता येत नव्हतं. हातात एक काठी दिली गेली. या मुलाने पुढे आपल्या आठवणींत लिहिलं आहे की ती काठी घेऊन आपण शत्रूला स्पर्श करायला निघाल्यासारखे पुढे गेलो. काठी जिथे टेकली तिथे 'ल्यूथर' लिहिलं होतं. ते नाव पट्टीवर लिहून सदऱ्याच्या पाठीवर शिवलं गेलं. ज्याचं नाव त्याला दिसणार नाही, बाकीच्यांना मात्र दिसेल, अशा जागी.

दोन्हीकडे नाव दुसऱ्यानेच दिलं. फरक एवढाच की एकीकडे देणाऱ्याने आधी त्या माणसाकडे पाहिलं होतं. आणि तरी गोष्ट तिथे संपत नाही, हे मला यात सर्वांत अवघड वाटतं. ल्यूथर स्टँडिंग बेअर या नावानेच तो माणूस पुढे इंग्रजीत लिहू लागला आणि आपल्या लोकांची बाजू त्याच गोऱ्या वाचकांना ऐकवत राहिला. लादलेलं नाव त्याने टाकून दिलं नाही. ते कामाला लावलं. हे सगळं बघून 'शेवटी चांगलंच झालं' असं म्हणणारे भेटतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण त्यांच्याजवळ फार वेळ बसतही नाही.

घर सोडून परभाषेत राहायला गेलेल्यांना यातलं काही सांगावं लागत नाही. आपल्या भाषेत जो माणूस गप्पांचा फड गाजवतो तोच दुसऱ्या भाषेत सज्जन, मितभाषी आणि काहीसा कंटाळवाणा ठरतो. व्याकरण चुकतं म्हणून नव्हे. ते पुष्कळदा निर्दोष असतं. विनोदाला लागणारी अर्ध्या क्षणाची वेळ चुकते. शब्द जुळवेपर्यंत गप्पा पुढे गेलेल्या असतात. काही वर्षांनी सहकारी म्हणतात, फार शांत माणूस. खोटं म्हणत नाहीत ते. त्यांना भेटलेला माणूस शांतच होता. मला अशा वेळी त्याच्या मुलांचं वाटतं. तिथेच वाढलेल्या मुलांना बापाचा विनोदी अवतार ऐकायला मिळतो तो फक्त त्याचा जुना मित्र फोनवर असतो तेव्हा, आणि तोही अर्धाच कळतो.

अनेता पाव्हलेंको आणि जाँ-मार्क दवाल यांनी एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्या हजारावर लोकांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. भाषा बदलली की आपण वेगळं माणूस झाल्यासारखं वाटतं का, या प्रश्नाला सुमारे दोनतृतीयांश लोकांनी हो म्हटलं. प्रश्नावली इंटरनेटवरची आणि उत्तरं देणारे बरेचसे शिकलेले, हे धरूनही आकडा मोठा आहे. मला उरलेल्या एकतृतीयांशांचं कुतूहल जास्त आहे. त्यांना प्रत्येक भाषेत सारखेच चांगले ऐकणारे मिळाले असतील का?

भाषा शेजारी आल्या की मिसळतात, आणि माणसं मिसळली की ओळखी पुसल्या जातात, ही भीती सर्वत्र असते. या बाबतीत सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास जगभरच्या भाषाविज्ञानात प्रसिद्ध आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तो १९७१ मध्ये मांडला. तिथे कन्नड, मराठी आणि उर्दू शतकानुशतकं शेजारी नांदल्या, थोडी तेलुगूही. रोजच्या देवघेवीत या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतल्या वाक्यात शब्दाच्या जागी शब्द ठेवत गेलं तरी दुसऱ्या भाषेतलं धड वाक्य तयार व्हावं. मग भाषा एक का झाली नाही? कारण शब्द वेगळे राहिले, आणि ते वेगळे राहिले कारण घरात गेल्यावर प्रत्येक जण आपल्या घरचं बोलत होता. सांगाडा सगळ्यांचा झाला, वरचे शब्द ज्याचे त्याचे. शुद्धतेसाठी भांडणाऱ्यांना आणि मिसळून जाण्याचे गोडवे गाणाऱ्यांना, दोघांनाही हे गाव अडचणीचं आहे, म्हणून मला ते आवडतं.

हल्ली मात्र ऐकणारे वेगवेगळ्या घरांत राहिलेले नाहीत. पूर्वी साहेब, मामा, जुनी मैत्रीण आणि अनोळखी माणूस एकाच खोलीत क्वचितच येत. आले तरी लग्नाच्या मांडवात, आणि तिथे आपण सावध असायचो. आता आपण लिहितो ते एकदम या सगळ्यांपुढे जातं. अभ्यासकांनी याला नाव दिलंय, पण नावापेक्षा परिणाम ओळखीचा आहे: माणूस सगळ्यांना चालेल असं गुळगुळीत लिहितो, नाहीतर सगळ्यांना डिवचेल असं. दोन्हीत एका विशिष्ट माणसाला उद्देशून बोलणं संपतं. प्रतिसाद आकड्यांत येतो. आकडा ऐकत नाही. तो 'टी' मोजतो. यावर याहून जास्त बोलायची मला इच्छा नाही, कारण रोज कुणी ना कुणी बोलतच असतं.

त्यापेक्षा मला शेवटच्या वयाबद्दल सांगायचं आहे, कारण तिथे ऐकणाऱ्याचा वाटा जवळपास पूर्ण होतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला आपली गोष्ट सांगता येत नाही. आधी तारखा जातात, मग नावं, मग क्रम. आमच्या जवळच्या नात्यात हे झालं तेव्हा भेटायला येणारे लोक तिच्या देखतच तिच्याबद्दल आम्हाला विचारायचे, जेवली का, झोप लागते का. ती तिथेच बसलेली असायची. एका बाईंनी मात्र थेट तिला विचारलं, तुमच्या वर्गातल्या पोरी फार घाबरायच्या ना हो तुम्हाला? ती ताठ बसली. उत्तर काही धड आलं नाही, पण ज्या सुरात आलं तो मास्तरणीचा सूर होता. त्या दुपारी ती बराच वेळ मास्तरीण होती.

इंग्लंडमधले टॉम किटवूड यांनी १९९७ मध्ये हेच तत्त्व म्हणून मांडलं: व्यक्तीपण हे मेंदूतल्या पेशींत साठवलेलं नसतं, ते नात्यांतून, इतरांनी दिलेलं असतं, म्हणून आजार मेंदूत असला तरी माणूस पुसण्याचं बरंचसं काम भोवतालची माणसंच करतात, बहुधा चांगल्या हेतूने. ते सुश्रूषागृहांत ऐकू येतंही. 'चला, आता आपण आंघोळ करूया हं, शहाणं बाळ ना?' अशा स्वरात, ऐंशीच्या माणसाशी.

क्रिस्टीन विल्यम्स या परिचर्या-संशोधक बाईंनी अमेरिकेत अशा संवादांच्या चित्रफिती तपासल्या. कर्मचारी बाळाशी बोलल्यासारखे बोलले की स्मृतिभ्रंश झालेले रहिवासी जास्त विरोध करत होते: तोंड फिरवत, ओरडत, हात झटकत. हा विरोध सहसा आजाराचं लक्षण म्हणून नोंदवला जातो. पुढे त्यांनी तेरा संस्थांमधल्या कर्मचाऱ्यांना तासातासाचे तीन वर्ग दिले. त्यात औषधांबद्दल काही नव्हतं. आपल्याच चित्रफिती पाहायच्या, 'राजा', 'सोन्या' सोडून माणसाला त्याच्या नावाने हाक मारायची, 'आपण'च्या जागी 'तुम्ही' म्हणायचं, आवाजातला लाडिकपणा काढायचा. विरोध कमी झाला. रहिवाशांना काहीही शिकवलेलं नव्हतं.